लीप सेकंद : निम्मे सर्व्हर क्लाउडवर, निम्मे डेटा सेंटरमध्ये. क्रोनीत काय ठेवावं?

क्रॉनटॅब
डेटा सेंटरमधले लिनक्स सर्व्हर क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) समय-१ आणि समय-२ या सर्व्हरवरून वेळ घेतात. बाकीचे गूगल क्लाउडवर आहेत, तिथे गूगलचाच एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा). दोन्हीकडच्या नोंदी एकाच डेटाबेसात जातात आणि एकाच रेकॉर्डवर दोघांनी लिहिलं तर उशिराचा टाइमस्टँप जिंकतो. शेवटचा लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला घातलेला जादा सेकंद) ३१ डिसेंबर २०१६ चा आणि २०३५ पर्यंत ही पद्धत आवरती घ्यायचं ठरलंय, हे ठाऊक आहे. पण मध्ये एखादा आलाच तर? लीपसेकमोड (लीप सेकंद कसा हाताळायचा हे ठरवणारं क्रोनीचं सेटिंग) कोणता ठेवावा? २०१२ साली जावा सर्व्हर अडकले होते, तसं पुन्हा होईल का?

तबकडी
युनिक्सच्या हिशेबात दिवस कायम ८६,४०० सेकंदांचा, त्यामुळे २३:५९:६० साठी, म्हणजे लीप सेकंदासाठी, वेगळा आकडाच नाही. क्रोनी मूळ सेटिंगवर असेल तर तो कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) आगाऊ सांगून ठेवतो, आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला, कर्नल घड्याळ एक सेकंद मागे घेतो. गेल्या वेळी १४८३२२८७९९ (२३:५९:५९) हा सेकंद दोनदा मोजला गेला. पहिल्या फेरीत .८ ला केलेली नोंद दुसऱ्या फेरीतल्या .२ च्या नोंदीपेक्षा 'नवी' ठरते.

गूगलकडे उडी नसते, स्मिअर असतो, म्हणजे जादा सेकंद बऱ्याच वेळावर पसरवतात. यूटीसी दुपारी १२ पासून पुढच्या दुपारी १२ पर्यंत (आपल्याकडे संध्याकाळी ५:३० ते ५:३०) घड्याळ सुमारे ११.६ पीपीएमने (दहा लाखांत ११.६ भागांनी) हळू चालतं. लीप सेकंदाच्या तोंडावर ते खऱ्या यूटीसीच्या अर्धा सेकंद मागे, आणि तो उलटताच अर्धा सेकंद पुढे. तुम्हाला खरी भीती याची आहे. उडी एका सेकंदात आटपते, दोन गटांतली तफावत मात्र दिवसभर कमीजास्त होत राहते आणि तेवढा वेळ चुकीची नोंद जिंकू शकते.

हे दोन प्रकारचे स्रोत एकाच क्रोनी फाइलमध्ये घालू नका. दोन इकडचे, दोन तिकडचे असले तर खोटं कोण हे क्रोनीला ठरवताच येत नाही.

क्रॉनटॅब
मग डेटा सेंटरमध्येही क्रोनीचा स्मिअर लावला तर?

शून्यतास
लागेल, पण गूगलशी जुळणार नाही. 'स्मूदटाइम ४०० ०.००१०२४ लीपओन्ली' ही ओळ क्रोनीला दिली की स्मिअर लीप सेकंदानंतर सुरू होतो आणि ६२,५०० सेकंद, म्हणजे १७ तास २१ मिनिटं ४० सेकंद चालतो. सुरुवातीला तुमची मशिन यूटीसीच्या पूर्ण सेकंदाने पुढे, गूगल अर्ध्याने. अर्ध्या सेकंदाचा घोळ शिल्लकच.

सगळ्यांना गूगलची वेळ देणं सोपं वाटतं. पण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी, एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) किंवा त्यांच्याशी जोडता येणारा स्रोत मागितलाय, तेव्हा तो निर्णय अनुपालनवाल्यांना विचारूनच घ्या.

माझ्या मते उलट करावं. डेटा सेंटरमध्ये स्वतःचे एनटीपी सर्व्हर समय-१, समय-२ वर ठेवा आणि क्लाउडवरची मशिनही व्हीपीएनमधून त्यांच्याकडेच वळवा. व्हीपीएनमुळे येणारी काही मिलिसेकंदांची चूक अर्ध्या सेकंदापुढे किरकोळ आहे. मग सगळीकडे 'लीपसेकमोड स्ल्यू', म्हणजे उडीऐवजी घड्याळ हळू चालवून सेकंद भरून काढणं. मूळ मॅक्सस्ल्यूरेट (घड्याळ किती हळू-जलद करायचं याची मर्यादा) ठेवलात तर घड्याळ १२ सेकंद साधारण ८.३ टक्के हळू चालतं, मागे जात नाही. सगळी मशिन यूटीसी ००:००:०० लाच सुरुवात करतात, म्हणून आपसांत फारशी फाटत नाहीत. मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारं, कालावधी मोजायचं) घड्याळही तेवढे १२ सेकंद मंदावतं, हे टाइमआउट लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

'लीपसेकटीझेड राइट/यूटीसी' दिल्यास वरच्या सर्व्हरने लीप सेकंदाचा इशारा दिला नाही किंवा उशिरा दिला तरी क्रोनीला तो कळतो, पण टीझेडडेटा (वेळक्षेत्रांचा डेटाबेस) ताजा हवा. स्मिअर करणाऱ्या स्रोतासोबत ही ओळ अजिबात नको.

तबकडी
+१. तरीही 'उशिराचा टाइमस्टँप जिंकतो' हा नियमच ठिसूळ आहे. डेटाबेसकडून वाढता क्रमांक घ्या, टाइमस्टँप माणसांना वाचायला राहू दे.

फ्युटेक्स
२०१२ चा दोष कर्नलचा होता. ३० जूनला घड्याळ मागे गेलं, पण हाय-रिझोल्यूशन टायमरना ते कळवलंच गेलं नाही. ते एक सेकंद पुढेच राहिले, आणि सेकंदाहून छोटे टाइमआउट लावल्या लावल्या संपू लागले. थ्रेड झोपायचा, लगेच उठायचा, सीपीयू १०० टक्के. जावा, मायएसक्यूएल सगळे त्यात सापडले. तेव्हाचा उतारा म्हणजे डेट कमांडने आहे तीच वेळ पुन्हा लावणं. तो दोष कर्नलमध्ये केव्हाच दुरुस्त झालाय.

आता धोका ॲप्लिकेशनमध्ये. १ जानेवारी २०१७ ला क्लाउडफ्लेअरच्या डीएनएसमधल्या गो कोडने दोन वेळांची वजाबाकी केली, उत्तर ऋण आलं आणि ते घेऊन यादृच्छिक आकडा काढणारं फंक्शन कोसळलं. त्याच वर्षी गो १.९ मध्ये वेळेसोबत मोनोटॉनिक मोजणी जोडली गेली. जावात कालावधी मोजायला नॅनोटाइम वापरा, करंटटाइममिलिस नको. सगळा कोड त्यासाठी एकदा चाळून घ्या.

चाचणीसाठी कर्नलच्या टायमर सेल्फटेस्टमध्ये 'लीप-अ-डे' आहे. वेगळ्या व्हर्च्युअल मशिनवर क्रोनी बंद करून चालवा, नाहीतर तो घड्याळ ओढून जागेवर आणेल. यात फक्त कर्नलची उडी तपासली जाते, स्ल्यू नाही.