सोलापूरच्या पूर्व भागातला अनुभव

मुलांसाठी मराठीत अनुवादित होऊन येणारी रशियन पुस्तकं सोव्हिएत संघ फुटल्यावर यायची थांबली हे खरं. पण 'त्यानंतर मुलांसाठी अनुवादित काही उरलंच नाही, असलं तरी पुणं गाठावं लागतं' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आहे, जपानीतून आलेलं 'तोत्तोचान' आहे. आणि अशा चर्चेत कुणीच काढत नाही तो विषय म्हणजे प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे गोष्टींचं संकेतस्थळ. २०१५ पासून सुरू आहे. कितीतरी चित्रकथा मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा अनेक भाषांत आहेत, फुकट उतरवून घ्या, हव्या तर छापा.

आपल्या सोलापुरात याचं मोल फार मोठं आहे. पूर्व भागात घरात तेलुगू, शाळा मराठी असं कितीतरी पोरांचं असतं. आमच्या शेजारची तिसरीतली मुलगी गोष्ट मराठीत वाचते, मग तिची आई तेच पान तेलुगूत वाचते, आणि विड्या वळणारी आजी मध्येच हात थांबवून 'चित्र दाखव की गं' म्हणते. झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रती काढायच्या, मधोमध दोन पिना मारायच्या, झालं पुस्तक! फक्त लेखक, चित्रकार आणि अनुवादकाची नावं असलेलं पान तेवढं गाळू नका.