रोबोटिक्स टीममधल्या 'बिनरोबोटवाल्या' मुलांचं कौतुक कसं करावं?

रामबागची_आई:
मंडळी, सल्ला हवाय. लेक नववीत आहे, तिची टीम फर्स्ट टेक चॅलेंज ही शाळकरी मुलांची रोबोट स्पर्धा खेळते. मी पालक-मेंटर, म्हणजे डबे आणि ने-आण. एकूण 11 मुलं. सहा जण रोबोट बांधतात, कोड लिहितात. एका मुलीकडे हिशेब, एका मुलाकडे पोर्टफोलिओ (टीमच्या कामाची जजेसना द्यायची पुस्तिका), एका मुलीकडे पोस्टर नि टीशर्ट, आणि दोघं जवळच्या शाळांत जाऊन लहान मुलांना शिकवतात.

गेल्या महिन्यात शाळेत टीमचा सत्कार झाला. माइकवरून पुकारलं, "रोबोट ज्यांनी बनवला त्यांनी वर या." सहा जण गेले. हिशेबवाली माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होती, मांडीवर बिलांची फाइल. कच्च्या बिलांची पक्की करून आणायला या पोरीने इंदूरच्या सियागंज बाजारात तीन चकरा मारल्या होत्या, त्याही भर उन्हात.

आता आम्ही घरगुती समारंभ करतोय. या पाच जणांना 'बेस्ट सपोर्ट' अशी मेडल्स द्यावीत का?

जुना_पिटवाला:
ताई, 'सपोर्ट' नको, हात जोडतो! कॉलेजात आम्ही रोबोकॉन, म्हणजे कॉलेजांची रोबोट स्पर्धा, करायचो. (2014 ची आशिया-पॅसिफिक फायनल पुण्यात झाली, त्याच सुमाराची गोष्ट.) खरेदी बघणाऱ्या मित्राला आम्ही 'बेस्ट हेल्पर'चा कप दिला. हॉस्टेल सुटेपर्यंत त्यात त्याचा टूथब्रश होता.

सर्टिफिकेट द्यायचंच तर त्यावर केलेलं काम लिहा. 'मोलाचे सहकार्य' हे शब्द दिसले की समजायचं, लिहिणाऱ्याला काम माहीत नाही.

कॉमर्सवाली:
+१. मी अशाच एका टीमची हिशेबनीस होते. मला मेडल नको होतं, खोलीत खुर्ची हवी होती. जजेसच्या मुलाखतीला मला म्हणाले, "टेक्निकल विचारतील, तू बाहेर थांब." आत पहिलाच प्रश्न आला, पैसे कसे उभे केले. सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. हे मला नंतर पोहे खाताना कळलं.

तेव्हा मुलाखतीला तिला आत न्या, आणि पैशाचं उत्तर तिलाच देऊ द्या. पोर्टफोलिओ मुखपृष्ठ सोडून जास्तीत जास्त 15 पानांचा असतो. त्यात खर्चाचं पान असेल तर तेही तिलाच लिहू द्या.

सराफ्यातला_भिया:
थोडं कडू बोलतो. रात्री अकरापर्यंत सोल्डरिंग करणारा आणि पोस्टर रंगवणारा एकाच मापात कसे बसतील?

जुना_पिटवाला:
भिया, माप एक नसू दे, पण मोजा तरी! फर्स्टच्याच लहान मुलांच्या स्पर्धेत, लेगो लीगमध्ये, रोबोटचा खेळ एकूण गुणांच्या 25 टक्के असतो, तेवढेच रोबोट डिझाइनला. बाकी अर्धे गुण इनोव्हेशन प्रोजेक्ट आणि कोअर व्हॅल्यूजचे (म्हणजे टीम म्हणून कसे वागता त्याचे). आणि टेक चॅलेंजमध्ये प्लेऑफसाठी जोडीदार टीम निवडायची वेळ आली की सोल्डरिंगवाला काय सांगणार? दिवसभर स्टँडमध्ये बसून बाकीच्यांचे सामने वहीत उतरवणाराच कामाला येतो.

कॉमर्सवाली:
आणखी एक, ताई. डीन्स लिस्ट या एकेका विद्यार्थ्याला मिळणाऱ्या पुरस्कारासाठी टीमला दरवर्षी दोन नावं पाठवता येतात, दहावी-अकरावीच्या मुलांची. बहुतेक टीम डोळे झाकून कोडरचं नाव देतात. हिशेबवाली त्या वर्गांत असेल तर तिचा विचार करा. शिफारस मोठ्यांनीच लिहायची असते, म्हणजे तुम्हीच. चकरा, तारखा, रकमा आत्तापासून टिपून ठेवा. नंतर आठवत नाही.

शाळेच्या पुढच्या सत्काराला निवेदकाच्या हातात आधीच चिठ्ठी द्या: 11 नावं, प्रत्येकापुढे एक काम. निवेदक वाईट नसतो हो, त्याच्याकडे कागदच नसतो.

रामबागची_आई:
सगळ्यांचे आभार. मेडल्स रद्द. रविवारी आमच्या गच्चीवर पोहे-जिलेबी केली आणि रोबोटवाल्या सहा जणांना सांगितलं, उरलेल्या पाचांपैकी एकाचं तरी असं काम सांगा की ज्याच्यावाचून तुमचं अडलं असतं. आधी बराच वेळ नुसती जिलेबी संपत होती. मग कोडर म्हणाला, "सर्वो, म्हणजे हात हलवणारी छोटी मोटर, जळला तेव्हा नवा दोन दिवसांत आला. हिने त्यासाठी पैसे बाजूला ठेवले होते, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं."

हिशेबवाली म्हणाली, "चार दिवसांत आला. आणि त्याचं बिल तू अजून दिलेलं नाहीस."