गावाने स्वतः करवून घेतलेली कलाकृती: सुरुवात कोठून करावी?

जुनास्टँड:
नमस्कार. आमचे गाव तालुक्याचे. तीन वर्षांपूर्वी बाह्यवळण रस्ता झाला, त्यापाठोपाठ एस.टी. स्थानक तिकडे गेले आणि जुन्या स्टँडभोवतीची बाजारपेठ ओस पडू लागली; चहाच्या सात टपऱ्यांपैकी दोन उरल्या आहेत. स्टँडच्या पटांगणात, आडाशेजारी, 'काहीतरी कलात्मक' व्हावे म्हणून गणेश मंडळ, महिला बचत गट आणि व्यापारी यांनी मिळून वर्गणी जमवली आहे, पण 'काहीतरी' म्हणजे काय, यावर गाडे अडले आहे. एका गटाला पुतळा हवा आहे, तरुणांना गावाच्या नावाची रोषणाईची अक्षरे आणि सेल्फी पॉइंट हवा आहे. मागे एका संस्थेने दोन दिवसांत शाळेची भिंत रंगवून दिली, मुलांच्या हाती ब्रशही दिले, फोटो निघाले आणि पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटले. त्या चित्रात नारळाची झाडे होती, जी आमच्या पंचक्रोशीत औषधालाही सापडत नाहीत. लोकांच्या गरजेतून निघालेले आणि लोकांच्या वापरात राहिलेले काम कोणास ठाऊक आहे का?

पाणवठा:
बस्तरमधील कोंडागाव पाहावे. मुंबईच्या चित्रकार-शिल्पकार नवज्योत अल्ताफ १९९७ पासून तेथे जात राहिल्या आणि राजकुमार कोराम, शांतीबाई, गेस्सुराम विश्वकर्मा या तेथील आदिवासी कलाकारांबरोबर त्यांनी काम उभे केले. त्यांपैकी 'नलपार' म्हणजे सार्वजनिक हातपंपांभोवतीची बांधकामे. पंप सरकारने बसवलेले होते, पण सांडपाण्याला वाट नसल्याने भोवती चिखल साचे आणि पाणी भरणाऱ्या बाया-मुलींना त्यातच उभे राहावे लागे. कलाकारांनी चौथरा, आडोशाच्या भिंती, सांडपाणी बाहेर नेण्याची सोय आणि भिंतींवर स्थानिक घडणीची शिल्पे अशी रचना केली. मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यातील एक साधे अंग: भरलेले भांडे डोक्यावर घेण्यापूर्वी मधल्या उंचीवर टेकवता यावे, म्हणून केलेला टप्पा. भरलेली घागर जमिनीवरून एका दमात उचलताना कमरेत काय होते, हे ज्यांनी कधी पाणी वाहिलेले नाही त्यांना सुचणार नाही; आपल्या घरातली घडवंचीसुद्धा अशाच कोणा बाईच्या कमरेने सुचवली असावी. मुलांना जमण्यासाठी त्यांनी 'पिल्ला गुडी'ही बांधल्या. या नावाचा अर्थ 'मुलांचे देऊळ'. आपल्या आडाशी तासन्‌तास उभे राहणारे कोण आहेत, हे प्रथम पाहावे. पुतळ्याचे नंतर पाहता येईल.

करारनामा:
कोंडागावात कलाकार प्रथम आले आणि मागणी सहवासातून आकाराला आली. उलट वाटेने, म्हणजे नागरिकांनीच कलाकाराला काम सांगण्याची रीत फ्रान्समध्ये आहे. फ्रान्स्वा हेर्स या कलाकाराने १९९० च्या सुमारास त्यासाठी एक लेखी संहिता मांडली. तिच्यात तीन भूमिका वेगळ्या ठेवल्या आहेत: गरज मांडणारे आणि कामाची जबाबदारी घेणारे नागरिक, त्या गरजेला आकार देऊन योग्य कलाकार शोधणारा मध्यस्थ, आणि स्वतः कलाकार. बर्गंडीतील ब्लेसे या मूठभर वस्तीच्या खेड्याला आपले जुने सार्वजनिक धुणीघर वाचवायचे होते. रेमी झॉग या स्विस चित्रकाराने ते काम घेतले, पण नुसत्या इमारतीची डागडुजी न करता भोवतालचे पाणी, वाटा आणि मोकळी जागा यांचा एकत्र विचार केला. याला सुमारे दहा वर्षे लागली आणि काम पुरे होण्यापूर्वीच, २००५ साली, झॉग वारले.

आपल्याकडे दहा वर्षे कोणी थांबणार नाही, हे मान्य. तरी मध्यस्थाची जागा रिकामी ठेवू नये असे माझे मत आहे. मंडळाचा अध्यक्षच मागणी मांडणार, तोच शिल्पकार निवडणार आणि तोच हिशेब ठेवणार असेल, तर वर्गणी गावाची आणि कलाकृती अध्यक्षांची होते. निगराणीचेही आताच लिहून ठेवावे: दर पावसाळ्यानंतर गाळ कोण काढणार, दिवा गेला तर बिल कोण भरणार. ग्रामपंचायत असो वा नगरपंचायत, जागेचा ठराव तोंडी घेऊ नये.

शंकासुर:
एक खोडा घालतो. सर्वांना विचारले म्हणजे सर्वांचे एकमत होईल, या भ्रमात राहू नये. जपानच्या निगाता प्रांतात माणसे शहरांकडे जाऊन गावे रिती होत होती, म्हणून २००० साली एचिगो-त्सुमारी येथे फ्राम कितागावा यांनी दर तीन वर्षांनी भरणारा कलामहोत्सव सुरू केला. इल्या आणि एमिलिया कबाकोव्ह यांना भातशेतीच्या टप्प्यांवर शेतकऱ्यांच्या आकृती उभारायच्या होत्या, तेव्हा शेताच्या मालकाने आधी नकारच दिला होता. वाडवडिलांची जमीन, तीत परक्यांचे पुतळे कशाला, हा आक्षेप मला तरी अडाणीपणाचा वाटत नाही. पुढे कल्पना समजून घेतल्यावर त्याने होकार दिला. होकाराला किंमत आली ती नकाराची मुभा होती म्हणून. आपल्या सभेत त्या दोन टपरीवाल्यांना 'नको' म्हणता येईल का?

जुनास्टँड:
सर्वांचे आभार. काल हे सारे बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवले. एक आजी म्हणाल्या की, गाडी नव्या स्थानकावरून सुटत असली तरी खेड्यांतून गुरुवारच्या बाजाराला येणाऱ्या बाया अजूनही आडाच्या दगडी काठावरच बसतात, कारण दुसरीकडे टेकायला जागा नाही. मी संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहिले. काठावर दोराने पडलेल्या खाचा बोटभर खोल आहेत, आणि बसून बसून दगड जेथे गुळगुळीत झाला आहे ती बाजू नेमकी दुपारच्या सावलीची आहे. अक्षरांचे दरपत्रक तूर्त बाजूला ठेवले असून, येत्या गुरुवारी बचत गटाच्या दोघीजणी आणि मी वही घेऊन तेथेच बसणार आहोत. टपरीवाल्यांपैकी एकाने आताच सांगून टाकले आहे की, काय करायचे ते करा, पण माझ्या भट्टीवर सावली पाडू नका, कोळसा आधीच ओला येतो. तेही वहीत लिहिले आहे.