अटलांटा सोलापूरपेक्षा लहान? मग एवढा ट्रॅफिक कुठून?

कोथरूडचे_काका
मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटाला गेली आहे. शहर केवढं म्हणून बघितलं तर २०२० च्या जनगणनेत ४,९८,७१५. अहो, आपलं सोलापूर २०११ लाच साडेनऊ लाख होतं! आणि ही म्हणते ऑफिसला जाताना तासन् तास गाडीत जातात. दुसरीकडे ‘साठ लाखांच्या वर’ असंही लिहिलंय. खरं कोणतं? नातेवाईक विचारतात हो.

प्रगणक_बाई
दोन्ही खरे, एक नुसत्या शहराचा, दुसरा सगळ्या महानगराचा. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका, २०११ च्या जनगणनेत वारज्यात दारोदार फिरले आहे. आकडा विचारण्याआधी हद्द विचारायची, ही सवय तिथेच लागली.

पुण्याचंच घ्या. २०११ ला पुणे मनपात ३१ लाख २४ हजार. बोपोडीचा पूल ओलांडून दापोडीत गेलात की त्या आकड्यातून बाहेर! पिंपरी-चिंचवडचे १७ लाख २७ हजार वेगळे, पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटचे आणखी वेगळे. सगळी सलग वस्ती धरली तर ५० लाखांच्या पुढे.

अटलांटाची हद्द साधारण ३५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मनपापेक्षा बरीच लहान. शेजारच्या एकट्या ग्विनेट काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा प्रशासकीय विभाग) ९ लाख ५७ हजार लोक! जॉर्जिया महाराष्ट्राच्या निम्मं, पण काउंट्या १५९. त्यामुळे एकेक सरासरी आपल्या तालुक्याएवढी, आणि महानगर अशा कितीतरी काउंट्यांवर पसरलेलं.

हद्द का वाढली नाही? उपनगरांना नको होतं. सँडी स्प्रिंग्जने अटलांटात जायला वर्षानुवर्षं विरोध केला आणि २००५ मध्ये स्वतःचं शहर काढलं. फुरसुंगी-उरुळी देवाचीने महापालिकेतून निघून वेगळी नगरपरिषद घेतलीच की.

उलटं उदाहरण फ्लोरिडातलं. जॅक्सनव्हिल १९६८ मध्ये आपल्या काउंटीत जवळजवळ विलीन झालं, म्हणून २०२० च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं. मायामी शहर त्याच्या निम्म्याहून कमी, कारण त्याची जमीन शंभर चौरस किलोमीटरसुद्धा नाही. पण महानगर म्हणून मायामी साठ लाखांचं. नुसत्या शहरांच्या यादीवरून अमेरिका समजून घेणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं.

निगडीकर
बाई, बाकी मान्य. पण पिंपरी-चिंचवडला पुण्याच्या बेरजेत घेताना आम्हाला विचारत जा.

प्रगणक_बाई
विचारलं असतं, पण तुम्हीच बाहेरगावी गेलात की ‘पुण्याचा’ म्हणून सांगता.

अल्फारेटावाला
काका, मी तिकडेच, अटलांटाच्या अल्फारेटा उपनगरात राहतो. इथे शहराबाहेरच्या कितीतरी घरांच्या टपालाच्या पत्त्यातही ‘अटलांटा’च असतं, त्यामुळे पत्त्यावरून हद्द कळत नाही. ट्रॅफिकचं मूळही हद्दीतच आहे. मार्टा म्हणजे इथली सार्वजनिक वाहतूक सेवा. तिची रेल्वे मुख्यतः फुल्टन आणि डीकाल्ब काउंटीत धावते. ग्विनेटच्या मतदारांनी २०१९ मध्ये मार्टात यायला पुन्हा नकार दिला, कॉब काउंटीही त्यात नाही. मग तिकडचे सगळे गाडी काढतात.

कोथरूडचे_काका
आता उलगडलं. नातेवाइकांना साठ लाखच सांगतो, सोलापूरचे व्याही आहेत! मुलगी सँडी स्प्रिंग्ज की अल्फारेटा, अशी घरं बघतेय.

अल्फारेटावाला
ऑफिस शहरात असेल तर सँडी स्प्रिंग्ज. तिथे मार्टाचं स्टेशन आहे. आमच्याकडे नाही.