२२० केव्ही लाइनची थर्मल तपासणी हवाजहाजाने: फोंडा पट्ट्यात जमेल का?

धारबांदोडेकर:
घाट उतरून गोव्यातल्या फोंड्याकडे येणाऱ्या २२० केव्ही लाइनचे जंपर (टॉवरपाशी दोन्हीकडच्या तारा जोडणारे तुकडे) आणि जोड थर्मल कॅमेऱ्याने बघायचे आहेत. रानात रस्ता नाही, ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासात बसते. म्हणून १२ मीटर लांब, ३ मीटर व्यासाचं, आपोआप चालणारं हेलियमचं हवाजहाज मनात आहे. लाइनपासून ३० मीटर अंतर, कॅमेरा ६४०×५१२, लेन्स १९ मिमी. कुठे फसेल?

जंपर_जोड:
आधी लेन्सपाशीच. १२ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर ३० मीटरवर एक पिक्सेल १९ मिमी जागा घेतो. तापमान मोजायला निदान ३ पिक्सेल रुंदी हवी, म्हणजे ५७ मिमी. झेब्रा कंडक्टर, म्हणजे लाइनची तारच, २८.६२ मिमी जाड! तापलेल्या क्लॅम्पमागचं थंड आकाश त्याच पिक्सेलात मिसळतं, आकडा खाली येतो आणि अहवालात ‘ठीक’ लागतं. ५० मिमी लेन्स घ्या, तीन पिक्सेल २२ मिमीत बसतात.

दुसरं, लोड, म्हणजे लाइनवरचा विजेचा भार. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. निम्म्या करंटला ती पावपटच. पहाटे वारा पडलेला असतो, पण लोडही पडलेला. डबल सर्किट (एकाच टॉवरवर तारांचे दोन संच) असेल तर तेवढ्या वेळेपुरता भार एका सर्किटवर घेता येतो का, ते लोड डिस्पॅचला, म्हणजे भाराचं नियंत्रण करणाऱ्या केंद्राला, आधी विचारा.

हेलियम_हिशेब:
धारबांदोडेकरबाब, तुमचं आकारमान साधारण ५६ घनमीटर. आपल्या उकाड्यात घनमीटरला जेमतेम १ किलो उचल. पिशवी, शेपूट, मोटर, बॅटरी, कॅमेरा सगळं त्या ५५ किलोंत. हेलियमची शुद्धता ९८ वरून ९४ टक्क्यांवर आली की त्यातले दोनेक किलो गेले.

लोक दव विसरतात. पिशवीच्या वरच्या अर्ध्या भागावर, म्हणजे ४६ चौरस मीटरवर, ०.१ मिमी पाणी साचलं तर साडेचार किलो. लांब दांड्याला मऊ फडकं बांधून पुसा, मगच वजन तोला. ऊन चढल्यावर उलटं होतं: गॅस हवेपेक्षा १० अंश तापला की १.९ घनमीटर फुगतो. आतल्या हवेच्या पिशवीत, बॅलोनेटमध्ये, बाहेर सोडायला तेवढी हवा उरली नसेल तर सुरक्षा झडपेतून हेलियमच बाहेर जातो. मग सावलीत गॅस निवला की नाक मऊ पडतं आणि सुकाणू ऐकत नाही.

धारबांदोडेकर:
लेन्सचं कळलं. आणि वारा?

खारा_वारा:
आडवा ५ मीटर प्रति सेकंद वारा या आकाराला वीसेक किलोच्या जोराने ढकलतो. म्हणून कायम वाऱ्याच्या खालच्या अंगाने, म्हणजे वारा लाइनकडून जहाजाकडे येईल असं, उडवा. मोटर बंद पडली तर जहाज लाइनपासून लांब वाहतं. लाइन जिथे वळते त्या अँगल टॉवरपाशी खालची बाजू बदलते, तिथे मार्ग नव्याने आखा. तारांवरून थेट पलीकडे नेऊ नका, आधी उंची घ्या. दर्यावरचा वारा सुटायच्या आत, अकराच्या आधी, उतरवा. नाकाची दोरी उडताना गुंडाळलेली हवी. लोंबती ओली दोरी तारेजवळ गेली तर ती दोरी राहत नाही.