प्रतिसाद: रांग चुकवणं वेगळं, पाळी बदलणं वेगळं
मनोरंजन पार्कातल्या राइडच्या रांगेवरच्या या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, ‘तिकीट सगळ्यांनीच काढलंय, मग लेकरू कडेवर आहे म्हणून कुणाला पुढं का सोडायचं?’ हे मला अर्धंच पटतं. नुसतं लेकरू दाखवून पुढं घुसणं चूकच. पण डिस्नेच्या पार्कांत ‘रायडर स्विच’ नावाची सोय आहे, ती वर कुणी सांगितली नाही. लेकरू राइडसाठी ठरलेल्या उंचीच्या पट्टीला पोचत नसेल तर एक जण त्याच्यापाशी थांबतो, दुसरा रांगेतून जाऊन येतो. मग अदलाबदल, आणि थांबलेल्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. म्हणजे रांग चुकत नाही, घरानं एकदाच लावलेली असते.

ही सोय नसली की काय होतं ते आम्ही भोगलंय. परभणीहून रात्रभर ट्रॅव्हल्सनं एका पार्कात गेलो. मी रांगेतून बसून आलो तोवर धाकटी रडून लालबुंद, आणि समोर रांग आणखी वाढलेली. बायको दुधाची बाटली हलवत म्हणाली, ‘राहू द्या, मला नाही बसायचं.’ तिकीट तिचंही पूर्णच होतं. शेजारून जास्तीचे पैसे भरलेले लोक मात्र सरळ आत जात होते. अन्याय म्हणायचा तर आधी त्याला म्हणा. रायडर स्विचमध्ये थांबलेल्यासोबत मोठं भावंड दुसऱ्यांदा बसून येत असेल, तर त्यावर मर्यादा घाला, माझी हरकत नाही.