मारुती ८०० चं इंजिन घरीच उतरवायचं म्हणतोय, दोन नंबरच्या सिलिंडरला पुरेसं कॉम्प्रेशन (आतला दाब) नाही

गावभाग_सांगली

नमस्कार मंडळी. गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, चार गिअरची, एमएच १०. बाबांनी शोरूममधून नवी आणलेली. १,४२,००० किलोमीटर झालेत आणि इंजिनला आजवर कुणी हात लावलेला नाही.

आता हजार किलोमीटरला जवळजवळ लिटरभर ऑईल खाते. मागे निळा धूर. सिग्नलला उभी राहिली की अशी थरथरते की आरशात मागचा मोटरसायकलवाला दोन-दोन दिसतो. गेज आणून कॉम्प्रेशन बघितलं. प्लग तिन्ही काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून: एक नंबर १२ किलो, दोन नंबर ८, तीन नंबर साडेअकरा. प्रत्येकात चमचाभर ऑईल टाकून परत बघितलं तर एक आणि तीन तेराच्या वर गेले. दोन नंबर मात्र ९ वर अडून बसला.

गॅरेजवाला म्हणतो, उघडून काय करताय, हाफ इंजिन (हेड सोडून खालचा तयार अर्धा भाग) टाकू, ३४ हजार. एक मित्र म्हणतो, त्यापेक्षा भंगारातून एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवालं) इंजिन गिअरबॉक्ससकट आण, पाच गिअर मिळतील. आणि मला वाटतंय, आपणच करावं. मी डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे, पण गेली दहा वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितोय, त्यामुळे हात कितपत चालेल देव जाणे. रविवार तेवढा मोकळा असतो.

वाड्याच्या सोप्यात झोपाळ्याची कडी आहे, सागवानी तुळईला. त्याला चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) लावून इंजिन उचललं तर चालेल का?

हो, एक राहिलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गाडी दारातच होती. पाणी बॉनेटच्या वर. नंतर ऑईल तीनदा बदललं आणि तेव्हापासून चालतेच आहे, म्हणून त्याचा याच्याशी संबंध नसावा.

हळदीचं_पोतं

झोपाळ्याच्या कडीला इंजिन? आईंना विचारलंत का? ३४ हजार देऊन मोकळे व्हा आणि रविवारी भडंग खात बसा. रविवारी घरी उघडलेली इंजिनं दिवाळीपर्यंत घमेल्यातच असतात. आमच्या चुलत्यांचं अजून आहे, दोन दिवाळ्या झाल्या.

घाटातला_चालक

मी साताऱ्याचा. तुमच्या मित्राने सांगितलेला उद्योग मी करून बसलोय, म्हणून लिहितो.

माझीही ८०० कार्बोरेटरची. यवतेश्वरचा घाट चढताना चौघं बसले की दुसऱ्या गिअरमध्ये रडायची. कुर्ल्याहून एका सिलिंडरला चार व्हॉल्व्हवालं एमपीएफआय इंजिन आणलं. बारा व्हॉल्व्ह, सीसी तेच ७९६. वाटलं, एकाच कंपनीचं, एकाच गाडीचं, बसेल. बसलंही. पण इंजिन बसवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम निघालं. टाकीत प्रेशरचा पेट्रोल पंप पाहिजे, म्हणजे टाकी बदला. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पाहिजे, त्याचं वायरिंगचं जाळं पाहिजे, ते विकणाऱ्याने खसकन कापलेलं. एकेक वायर जुळवायला मला पाच महिने लागले. तोवर बायको रिक्षाने ऑफिसला.

आणि शेवटी नोंदणी नूतनीकरणाच्या पासिंगला इंजिन नंबर जुळेना. चूक माझीच, आधी परवानगी घेतली नव्हती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलंय. त्याच जातीचं इंजिन बदललं तर मार्ग आहे, पण परवानगी आधी घ्यायची, आणि तशीच न घेता बदललं असेल तर चौदा दिवसांत कळवून आरसीवर नवा नंबर चढवायचा. भंगारवाल्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं बिल मिळत नसेल तर त्या इंजिनाला हातच लावू नका, ते कुणाच्या चोरीच्या गाडीतलं आहे कुणास ठाऊक.

माझ्या गाडीत आता परत जुनं इंजिन आहे. एमपीएफआयवालं जिन्याखाली पोत्यात.

ओम्नीचं टाका असंही कुणीतरी सांगेल. इंजिन त्याच जातीचं, पण ओम्नीत ते सीटखाली उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं, तुमच्यात आडवं बसून पुढची. तेव्हा आजूबाजूचं सगळं सामान तुमचंच लावावं लागेल.

बोअरिंगवाला

मी मिरजेचा. एकतीस वर्षं इंजिनच्या सिलिंडरच्या बोअरिंग मशीनवर काढली, आता मुलगा बघतो, मी खुर्ची टाकून बसतो.

बाळ, तू सगळं नीट लिहिलंस आणि मुद्द्याची गोष्ट शेवटी "संबंध नसावा" म्हणून सोडून दिलीस. पुरातल्या गाडीचा संबंध असतोच.

तुझे एक आणि तीन नंबर ऑईल टाकल्यावर वर गेले. ते रिंगा झिजल्याचं लक्षण, एवढ्या चालण्याला रास्तच आहे. दोन नंबर ऑईल टाकूनही वर येत नाही म्हटल्यावर माणूस म्हणतो व्हॉल्व्ह गळतोय. असेलही. पण पुरातली गाडी आहे, तेव्हा मला आधी एक सांग. पाणी उतरल्यावर प्लग न काढता कुणी किल्ली मारली होती का? खरं सांग. त्या ऑगस्टात आमच्याकडे जेवढे ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य सांगाडा) आले, त्यातल्या बहुतेकांच्या मालकांनी पहिल्यांदा "नाही मारली" असंच सांगितलं होतं.

पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर फिरला की पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मोडला तर लगेच कळतं. थोडासा वाकला तर गाडी वर्षानुवर्षं चालते, फक्त तो पिस्टन पूर्ण वर येत नाही आणि तिरका घासत राहतो.

इंजिन न उघडता बघता येतं. तिन्ही प्लग काढ. घरात विणकामाची अॅल्युमिनियमची लांब सुई असेल ती घे. खराट्याची काडी घेऊ नको, तुटून आत राहिली तर मलाच शिव्या देशील. क्रँकपुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने हळूहळू फिरव आणि प्लगच्या भोकातून सुई टेकवून बघ, पिस्टन सगळ्यात वर आल्यावर सुई किती बाहेर राहते. खूण कर. स्टार्टर अजिबात मारायचा नाही, सुई अडकेल. भोक तिरकं आहे, त्यामुळे आकडा खरा येणार नाही, पण तिरकेपणा तिन्हीकडे सारखाच. फरक तेवढा बघ.

गावभाग_सांगली

काका, आज बघितलं. एक आणि तीन सारखे. दोन नंबरला सुई जवळपास दोन मिलिमीटर जास्त आत जाते. चार वेळा मोजलं.

जेवताना बाबांना विचारलं. आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकदाच मारली. ठक् झालं. परत नाही मारली." आम्ही सगळे तेव्हा विश्रामबागला मावशीकडे होतो, ते एकटेच पाणी उतरल्यावर घर बघायला आले होते. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

बोअरिंगवाला

बाबांना काही बोलू नको. आयर्विन पुलाला कृष्णा ५७ फुटांवर गेलेली, इशारा चाळिसाचा, धोका पंचेचाळिसाचा. तेवढं पाणी घरातून गेल्यावर माणूस आधी गाडी चालू होते का तेच बघणार.

आता हिशेब कर. तुझा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७२. एका सिलिंडरचे २६५ सीसी. पिस्टन वर आल्यावर डोक्यावर जागा उरते ती साधारण पस्तीस सीसी. पिस्टन दोन मिमी खाली राहिला म्हणजे सात सीसी जागा वाढली, म्हणजे पाचवा हिस्सा. बाराचे साडेनऊ इथेच झाले. उरलेला दीड किलो तिरक्या घासण्याने बोअर लांबट झाला त्यात गेला.

म्हणून हाफ इंजिन नको आणि एमपीएफआयचं तर नावच नको. ब्लॉक तुझाच ठेव, नंबर तोच राहतो, सरकारदरबारी जायची भानगड नाही. घरी उतरव, घरी चढव. मधलं मशीनचं काम तेवढं बाहेर.

झोपाळ्याची कडी सोड. ती माणूस झुलायला आहे. शिवाय इंजिन उचलल्यावर खालून गाडी मागे ढकलावी लागते, सोप्यात कुठं ढकलणार? कुणी शेतकरी पाहुणा असेल तर विहिरीची मोटर काढायची लोखंडी तिपाई आणि चेन ब्लॉक माग. पाय पसरू नयेत म्हणून खालून साखळीने बांध. गिअरबॉक्ससकट वरूनच निघतं. बॉनेट आधी उतरव, बिजागरीभोवती पेनाने रेघ मारून ठेव, म्हणजे परत तिथेच बसेल. ड्राइव्ह शाफ्ट ओढायच्या आधी गिअर ऑईल काढ, नाहीतर अंगणभर होईल. व्हॅक्यूमच्या नळ्यांना चिकटपट्टी लावून आकडे टाक. फोटो काढशीलच, पण फोटोत सगळ्या नळ्या काळ्याच दिसतात.

उघडताना मेन बेअरिंगच्या आणि रॉडच्या टोप्या जिथल्या तिथेच आणि त्याच तोंडाने राहिल्या पाहिजेत. नेलपॉलिशने खुणा कर. यांची अदलाबदल झाली तर पुढचं सगळं वाया.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. पिस्टन आधी विकत घे, मग ब्लॉक बोअरिंगला दे. पुष्कळ लोक उलटं करतात. ब्लॉक आणून ठेवतात, "अर्धा मिमी मारून ठेवा, पिस्टन नंतर आणतो." पिस्टन हातात असला की मी प्रत्येकाला मायक्रोमीटर लावतो आणि ज्याचा त्याला बोअर काढतो. तुझा पाव मिमीत साफ होईल का हे बोअर गेज लावल्यावर कळेल, दोन नंबर लांबट आहे म्हणून मला अर्धाच दिसतोय. तेव्हा ब्लॉक आधी फक्त मोजायला आण, मग पिस्टन घे. तिन्ही एकाच मापाचे, एकाच सेटचे.

वाकलेला रॉड प्रेसवर सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. द्यायचा नाही. एकदा वाकलेलं पोलाद परत कुठे वाकायचं ते शिकलेलं असतं. दुसरा रॉड आण आणि तिघांचं वजन सोनाराच्या काट्यावर करून बघ, हसू नको. पिस्टन पिन काढाय-घालायचं काम आमच्याकडेच ठेव, घरी हातोडी मारून पिस्टन फुटतात.

क्रँकचं माप घेऊ. दोन नंबरच्या जर्नलवर, म्हणजे रॉड बसतो त्या गोल भागावर, एका बाजूला झीज असणार. जमलं तर पॉलिश, नाहीतर पाव मिमी ग्राइंडिंग आणि त्या मापाचे बेअरिंग. हेडचं फेसिंग तपासून घे, व्हॉल्व्ह घरी पेस्ट लावून घासलेस तरी चालेल, ते निवांत बसून करायचं काम आहे. सील मात्र नवीनच.

ब्लॉक घरी आला की साबणाच्या गरम पाण्याने धू. रॉकेलने नाही. होनिंगची (बोअर दगडाने घासण्याची) बारीक पूड रॉकेलने निघत नाही, बोअरच्या रेघांत बसते आणि नव्या रिंगा खाते. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं. मग लगेच पुसून ऑईल, दहा मिनिटं थांबलास तर गंज दिसेल. क्रँकची ऑईलची भोकंही तार-ब्रशने साफ कर. आणि ब्लॉकच्या बाजूचे वेल्च प्लग (पाण्याच्या वाटांवरची पत्र्याची झाकणं) बदल. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालत असशील तर आत खडूचा कारखाना असेल.

हळदीचं_पोतं

काका, एवढं ऐकून मलाच इंजिन उघडावंसं वाटायला लागलंय. चुलत्यांचं घमेलं आणू का?

बोअरिंगवाला

आण. टोप्यांच्या खुणा केल्यात का विचार आधी.

गावभाग_सांगली

परवा इंजिन उतरलं. तासगावच्या मेहुण्याने तिपाई दिली, सोबत स्वतःही आला, आणि सगळा वेळ विहिरीच्या मोटरी कशा काढतात तेच सांगत होता. सकाळी आठला सुरू केलं, संध्याकाळी सहाला इंजिन पोत्यावर. डाव्या ड्राइव्ह शाफ्टनेच दीड तास खाल्ला. गिअर ऑईल आधी काढायला विसरलो, त्यामुळे अंगणाचं जे व्हायचं ते झालं.

दोन नंबरचा रॉड काचेवर ठेवला की डोळ्यांनी दिसतो वाकलेला. पिस्टनला एका बाजूने वरपासून खालपर्यंत चकाकी, दुसरी बाजू तशीच काळी. बाबा बराच वेळ तो हातात घेऊन बसले होते.

ब्लॉक मिरजेला मोजून आणला, काकांचा अंदाज बरोबर, अर्धा मिमी. म्हणजे ६९ चा बोअर. पिस्टन आणायला पुण्याला नाना पेठेत जाणाऱ्या पेढीच्या माणसाला सांगितलंय. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट आणि सगळी ऑईल सील्स एकदमच बदलतोय, परत उतरवायची हिंमत नाही.

काका, चालू करताना काय?

बोअरिंगवाला

प्लग काढून ठेव आणि ऑईलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मार. दिवा विझला की मग प्लग लाव. चालू झाली की अर्धा तास जागेवर घुरघुरत ठेवू नको, रिंगा बसायला भार लागतो. घे आणि विट्याकडे जा. गती बदलत राहा, कधी पन्नास कधी सत्तर, पूर्ण दाबायची नाही, चढाला टॉपमध्ये ओढायची नाही. पाचशे किलोमीटरला ऑईल आणि फिल्टर बदल. काढलेल्या ऑईलमध्ये चकचकीत कण दिसतील, घाबरू नको. लोहचुंबकाला मोठे तुकडे चिकटले तर मात्र फोन कर.

घाटातला_चालक

आणि एकदा साताऱ्याला या. कासपर्यंत जाऊ. जिन्याखालचं पोतं पण दाखवतो, नेणार असाल तर.

गावभाग_सांगली

पोतं नको, पण येतो. सध्या अडचण वेगळीच झालीय. मेहुण्याच्या भाऊबंदांची विहिरीतली मोटर अडकली म्हणून तिपाई कालच परत गेली, आणि द्राक्षाची छाटणी झाल्याशिवाय मिळायची नाही म्हणतो. मिरज-कुपवाडकडे कुणाकडे तिपाई असेल तर सांगा, एका रविवारासाठी. झोपाळ्याला लावणार नाही, आईला तसा शब्द दिलाय.